‘रोदिया’तला र

सत्तरीच्या बाई होत्या. उजव्या गुडघ्याची वाटी बदलून तेरा दिवस झाले होते. माझा एक हात त्यांच्या टाचेखाली, दुसरा मांडीवर. मी म्हटलं, “दोब्ले ला रोदिया.” गुडघा वाकवा. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. “मान्दे?” मेक्सिकोकडची माणसं ‘काय म्हणालात?’ हे अदबीनं विचारतात ते असं. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. पुन्हा “मान्दे?” कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांची बारा-तेरा वर्षांची नात फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिनं मान वरही न करता सांगितलं, “दोब्ले ला रोदिया, आबुएलिता.” आणि आजींनी गुडघा वाकवला.

तेच तीन शब्द, त्याच क्रमानं. व्याकरण चुकलं असतं तर मी पुस्तक उघडून बसले असते. इथे काहीच चुकलं नव्हतं, फक्त मी बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकला नाही तर पुढे तो आखडतो, आणि मग किती रडवतो ते मी रोज बघते. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मला खरोखर वाईट वाटत होतं.

मी मूळची मिरजेची, फिजिओथेरपिस्ट. अकरा वर्षं टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहते. १७१८ साली इथे स्पॅनिश मिशन उभं राहिलं तेव्हा या भागात इंग्रजीचा मागमूस नव्हता. आजही शहरातली निम्म्याहून जास्त माणसं हिस्पॅनिक आहेत. तरी रस्त्यांची नावं सगळे इंग्रजी तोंडानं घेतात : ब्लँको रोड, सॅन पीड्रो. आमच्या काउंटीच्या नावात मधे एक एक्स आहे आणि इंग्रजीत तिला म्हणतात ‘बेअर’. स्पॅनिशमध्ये तो एक्स म्हणजे घशातला ख़, बेख़ार. मेख़िको आणि तेख़ास या नावांतलाही तोच. मीही अकरा वर्षं ‘बेअर’च म्हणत आले होते.

दवाखान्यात फोनवर दुभाषी मिळतो. १९६४च्या नागरी हक्क कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना भाषेची सोय करावीच लागते, आणि आजाराचा इतिहास विचारताना किंवा संमती घेताना मी दुभाष्याशिवाय एक वाक्यही बोलत नाही. पण माझं काम हातांचं आहे. पाय उचलला जातोय त्याच क्षणी ‘श्वास सोडा’ म्हणावं लागतं. ते फोनवरून फिरून आलं तर उशीर झालेला असतो. निदान पन्नासेक वाक्यं माझ्या तोंडून नीट निघायलाच हवी होती.

स्पॅनिश मी फोनवरच्या ॲपवर आणि एका इंग्रजी पुस्तकावरून शिकले होते. त्यात प्रत्येक अक्षराला इंग्रजीचा दाखला होता, अमुक अक्षर इंग्रजीतल्या अमुक शब्दासारखं. ‘द’बद्दल लिहिलं होतं की दोन स्वरांच्या मधे आला तर इंग्रजी ‘द’सारखा, म्हणजे ‘द बुक’मधल्या द सारखा म्हणा. हा सल्ला अमेरिकन वाचकाला बरोबर आहे, कारण तो त्या शब्दात जीभ दातांना नुसती लावतो, हवा अडवत नाही. आपण मराठी माणसं तिथे सरळ आपला दादातला द म्हणतो. त्यामुळे सल्ला पाळूनही मी होते तिथेच राहिले, आणि आपण नियम पाळतोय म्हणून निश्चिंतही राहिले.

दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला एक वाचा-उपचारतज्ज्ञ बसते, मेक्सिकोतल्या मोंतेर्रेइत वाढलेली. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी रुग्णांकडून शरीराच्या अवयवांची नावं म्हणवून घेते, तशी तू म्हण. मला ऐकू येईल ते मी लिहीन.” मी चौदा शब्द म्हटले. तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. कोपर म्हणजे ‘कोदो’. तिनं लिहिलं होतं ‘कोरो’, म्हणजे समूहगान. बोट म्हणजे ‘देदो’, तिथे होतं ‘देरो’. असा शब्दच नाही. कंबरेचा सांधा म्हणजे ‘कादेरा’, तिथे ‘कारेरा’. खांदा म्हणजे ‘ओम्ब्रो’, तिथे ‘ओम्ब्रे’, म्हणजे पुरुष. चौदापैकी सहा चुकले होते. मी तर स्पष्ट द म्हणतेय असं मला वाटत होतं, मग तिला र का ऐकू येत होता?

त्या रात्री वहीत मी ‘कोपर’च्या पुढे स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहायला घेतला आणि हातानं आपोआप लिहिलं, ‘कोडो’. ते अक्षर बघून मी थांबले. मी हा शब्द ड नं म्हणतेय? तोंडानं म्हणून बघितलं. हो, ड नंच.

स्पॅनिशमध्ये ट-ड नाहीतच. त्यांच्याकडे त आणि द आहेत, जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवून म्हणायचे, अगदी आपल्यासारखे. हे दोन्ही वर्ण मला जन्मापासून येतात. पण आपण इंग्रजीतून शब्द घेताना तिथल्या टी-डीला नेहमी ट-ड केलं : टेबल, डॉक्टर, स्टँड. त्यामुळे रोमन लिपीतलं अक्षर दिसलं की जीभ टाळूकडे वळते. मी स्पॅनिश वाचत होते, पण मधल्या इंग्रजीच्या खिडकीतून. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिच्याकडून कानानं आलेले आपले शब्द बघा : पाद्री, फीत, बालदी. यांत त-द जसेच्या तसे राहिले. (बटाटा मात्र याला अपवाद.) ते शब्द आले तेव्हा मधे इंग्रजी उभी नव्हती.

आता ड चा र कसा होतो ते. ‘डबा’ म्हणा आणि मग ‘घोडा’ म्हणा. डब्यातला ड घट्ट आहे, जीभ टेकते आणि सुटते. घोड्यातला ड तसा नाही. तिथे जीभ मागे वळून टाळूला जाता जाता एक फटका मारते. स्पॅनिशचा साधा र हाही एक फटकाच आहे, हिरडीवरचा. त्यांच्याकडे ड नाही, म्हणून त्यांचा कान तो फटका त्यांच्या सगळ्यात जवळच्या वर्णात, म्हणजे र मध्ये टाकतो. अमेरिकन माणसाचंही तेच होतं. ‘वॉटर’मधला ट तो इतका हलका म्हणतो की मेक्सिकन कानाला त्यात र लागतो. मी अकरा वर्षांत अमेरिकन बोलणं बरंच उचललंय. म्हणजे मराठीचा ड असो की अमेरिकेचा, दोन्ही वाटा मला ‘कोरो’कडेच नेत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ‘कोदो’ म्हटलं. मैत्रीण म्हणाली, “आता कोपर आहे. पण लोखंडाचं.” तिचा द माझ्यापेक्षा कितीतरी मऊ होता. दोन स्वरांच्या मधे आलेल्या द ला ते लोक पूर्ण बंद करतच नाहीत. जीभ दातांच्या कडेपर्यंत जाते, टेकल्यासारखं करते आणि हवा चालूच राहते. न किंवा ल नंतर मात्र द पक्का, जसा ‘एस्पाल्दा’त, म्हणजे पाठीत. माझा उपाय साधा होता. ‘आआआ’ असा सूर लावायचा आणि तो न तोडता मधे जीभ दातांशी न्यायची. सूर तुटला तर द घट्ट झाला. गाणं शिकलेल्यांना हे लवकर जमेल असं मला वाटतं. मला तीन आठवडे लागले.

त-प-क मात्र एका संध्याकाळी जमले. तोंडासमोर टिश्यू पेपर धरला. अमेरिकन पद्धतीनं ‘पिए’ (पाऊल) म्हटलं की कागद उडायचा, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प-ट-क च्या मागे ह चा श्वास असतो. माझ्या अमेरिकन सहकाऱ्याला कागद उडतोय तो का, हेच आधी समजावून सांगावं लागलं. आपल्याला प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक शाळेत जायच्या आधीपासून कळतो. मी फक्त ‘पाणी’ म्हणतानाचा प लावला. कागद हलला नाही.

आणि मग र.

‘रोदिया’ हा शब्द मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन याचा हिशेब नाही. त्याची सुरुवातच मोठ्या र नं होते, ज्यात जीभ लागोपाठ दोन-तीन वेळा थरथरते. लिहिताना र एकच असतो, पण शब्दाच्या सुरुवातीला आणि न, ल, स यांच्यानंतर तो दुहेरीच म्हणायचा असा नियम आहे. मला हा नियमच माहीत नव्हता. मी म्हणत होते तो अमेरिकन र, ज्यात जीभ कुठे लागतच नाही, नुसती तोंडात गोळा होते. साधा र आणि थरथरता र यांवर तिथे अर्थ बदलतो. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘कारो’ म्हणजे महाग, ‘कार्रो’ म्हणजे गाडी.

साधा र म्हणजे आपला र, तो लगेच आला. दुहेरीसाठी मी काय काय केलं! गुळण्या करताना येतो तसा घशातून आवाज काढून बघितला, तोच करायचा असतो असं कुणीतरी सांगितलं होतं. तो साफ चुकीचा निघाला, कारण घशाचा तिथे संबंधच नाही. जीभ ताठ करून जोरात हवा सोडली. जबडा दुखायला लागला, पण जीभ हलली नाही.

मग एका रात्री मी लेकीला झोपवताना चिऊ-काऊची गोष्ट सांगत होते. “आणि चिऊताई भुर्रकन उडून गेली.” म्हणाले आणि गप्प झाले. लेक म्हणाली, “मग?” मी पुन्हा म्हटलं, भुर्र. माझी जीभ थरथरत होती. हिरडीवर, सैल, काही न करता.

भुर्रकन, गर्रकन, सर्रकन, टर्रकन. अख्खं बालपण मी हा र म्हणत आले होते. मराठीत तो शब्दांचा अर्थ बदलत नाही, फक्त उडण्या-फिरण्याच्या, फाटण्याच्या आवाजात येतो, म्हणून तो आपल्याजवळ आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत ‘भुर्र’ म्हणत गेले. मग भु काढून नुसतं ‘र्र’. मग ‘र्रो’. भु काढला की सुरुवातीला जीभ अडायची, कारण भु मधून हवा आधीच वाहायला लागलेली असते. म्हणून काही दिवस ‘भुर्रोदिया’ म्हटलं आणि भु दिवसेंदिवस हळू करत नेला. जीभ स्नायूंनी हलवायची नसते, तिला योग्य जागी सैल ठेवायची असते, बाकी काम हवा करते. स्नायू ताठ करू नका, सैल सोडा, हे मी रोज दुसऱ्यांना सांगते. मग तिकडच्या मुलांचं एक जुनं घोकण्याचं वाक्य घेतलं, “एर्रे कोन एर्रे सिगार्रो, एर्रे कोन एर्रे बार्रिल...” आपल्याकडे ‘काळे राळे गोरे राळे’ म्हणून घेतात तसंच. दोन महिने रोज सिग्नलला थांबले की तेच.

ब आणि व यांनी वेगळाच त्रास दिला. स्पॅनिशमध्ये ही दोन अक्षरं आहेत पण उच्चार एकच. मेक्सिकोत शुद्धलेखन विचारताना म्हणतात, गाढवाचा ब की गायीचा व? म्हणजे ‘बुर्रो’चा की ‘बाका’चा. बोलण्याच्या अगदी सुरुवातीला सरळ ब : ‘बामोस’ (चला). स्वरांच्या मधे दोन्ही ओठ जवळ येतात पण मिटत नाहीत : ‘तोबियो’ (घोटा), ‘लेबान्ते’ (उचला). आपला व त्याच्या जवळचा वाटतो आणि तिथेच फसवतो, कारण आपल्या व मध्ये खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. मी आरशासमोर बसून खालच्या ओठावर बोट ठेवायची, तो दातांकडे गेला की बोटाला कळायचं. घोटा अजूनही घाईत निसटतो.

स्वरांच्या बाबतीत मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर, आणि ए-ओ आपल्यासारखे एकसंध. अमेरिकन माणूस ‘नो’ म्हणताना ओचा शेवट उ कडे नेतो, आपण नेत नाही. तरी माझं ‘ओम्ब्रो’चं ‘ओम्ब्रे’ झालं होतं, कारण अमेरिकन सवयीनं शब्दाचा शेवटचा स्वर मी अर्धवट, अ सारखा सोडून देत होते. समोरच्याला मग ओ की ए हे अंदाजानं ठरवावं लागतं. स्पॅनिशमध्ये शेवटचा स्वर पुरा म्हणायचा, कितीही घाई असली तरी. आणि आपला अ तिथे नाहीच. ‘मान्याना’ (उद्या) मध्ये तिन्ही आ, पण लांबवायचे नाहीत. आखूड आ ही गोष्ट आपल्या बाराखडीत नाही, म्हणून सुरुवातीला मी एकतर अ म्हणायची नाहीतर आऽ.

आघाताला मात्र मराठीचा काही उपयोग झाला नाही. आपल्याकडे शब्दात जोर कुठे दिला यावर अर्थ बदलत नाही. तिथे बदलतो. ‘कामीने’ म्हणजे चाला, जोर मी वर. ‘कामिने’ असं म्हणून जोर ने वर दिला तर झालं ‘मी चालले’. ‘दोब्ले’त जोर दो वर असेल तर वाकवा, ब्ले वर गेला तर ‘मी वाकवलं’. नियम सोपा आहे. शब्द स्वरानं, न नं किंवा स नं संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि याला सोडून असेल तिथे ते स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ देतात. ती रेघ म्हणजे नक्षी आहे असं समजून मी व्यायामाच्या कागदांवर लिहिलीच नव्हती. शंभरेक कागद मी पुन्हा छापले.

सगळ्यात आनंद झाला तो लयीचा. इंग्रजीत जोराची अक्षरं लांबतात, बाकीची गिळली जातात. स्पॅनिशमध्ये प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ. माझी आजी अभंग म्हणायची. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं मोजतात आणि त्यात लघु-गुरू बघत नाहीत. स्पॅनिश कवितेतही अक्षरंच मोजतात. शिवाय शेजारच्या दोन शब्दांचे स्वर भेटले की त्यांचं एकच अक्षर धरतात. बोलतानाही ते स्वर तुटत नाहीत. ‘ले दुएले आकी’ असं सुटं सुटं नाही, ‘लेदुएल्याकी’ (इथे दुखतं का) असं एका दमात. आपण त्याला संधी म्हटलं असतं. मी वहीत वाक्यं तशीच, संधी करून लिहायला लागले, आणि टाळीवर म्हणायला लागले. रुग्ण “मान्दे?” विचारायचे कमी झाले ते यानंतर. एकेक वर्ण घासून जेवढं झालं नव्हतं तेवढं या लयीनं झालं, असं माझं मत आहे. आज नव्यानं कुणी शिकत असेल तर मी त्याला आधी लयच धरायला लावीन.

दीड वर्षानं त्याच बाई पुन्हा आल्या, डाव्या गुडघ्यासाठी. नात आता उंच झाली होती आणि या वेळी बाहेर बसली होती. मी टाचेखाली हात घातला. मला धडधडत होतं. मुद्दाम सावकाश न म्हणता, नेहमीच्या बोलण्याच्या वेगात म्हटलं, “दोब्ले ला रोदिया.”

गुडघा वाकला. कोनमापकावर ८८ अंश आले. मी “रेस्पीरे” म्हटलं, त्यांनी श्वास घेतला. पुन्हा वाकवला, ९२. मग त्या बोलायला लागल्या. नवऱ्याच्या गावची गोष्ट, तिथल्या विहिरीची, त्या विहिरीत पडलेल्या बकरीची. इतक्या वेगात की निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, पण गुडघा वाकवताना त्यांचं दुखण्याकडे लक्ष नव्हतं, म्हणून मी त्यांना थांबवलं नाही. शेवटी म्हटलं, “आता तोबियो फिरवा.”

“तोबियो, मिख़ा (पोरी),” त्या म्हणाल्या, आणि ओठ जवळ आणून दाखवले, पण मिटले नाहीत. “असं.”

मी त्यांच्या ओठांकडे बघून पुन्हा म्हटलं.